तुम्ही विचारलंत म्हणून: लोक मदत करतात ना?

मी व्हीलचेअरवर आहे आणि मुंबईत कामाला जाते, एवढं कळलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. "लोकलनं कशा जाता हो?" आणि मी तोंड उघडायच्या आत विचारणाराच स्वतःची समजूत घालतो, "पण मुंबईत लोक मदत करतात ना?"

करतात. मनापासून करतात. "जरा हात लावता का?" म्हटलं की चार जण पुढे येतात, मला डब्यात चढवतात आणि आपला डबा पकडायला धावत सुटतात. त्यांच्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नाही आणि त्या सगळ्यांचे उपकार आहेत माझ्यावर. तरीही हा प्रश्न मला टोचतो, कारण उचलून नेलं जाणं म्हणजे प्रवास करणं नव्हे.

लोकल मधल्या स्टेशनांवर जेमतेम अर्धा मिनिट थांबते. दिव्यांगांचा डबा कुठे येणार ते फलाटावरच्या बीप-बीप आवाजावरून कळतं, म्हणून मी तिथे आधीच जाऊन थांबते. गाडी आली की त्या अर्ध्या मिनिटात अनोळखी माणसांना व्हीलचेअर कशी धरायची ते शिकवावं लागतं. हात टेकायचा दांडा धरला तर तो उपसून हातात येतो. पाय ठेवायची पट्टी धरली तर ती निखळते. चाक धरलं तर ते फिरतं. "खालची फ्रेम धरा, फ्रेम!" असं मी ओरडत असते आणि तेवढ्यात कुणीतरी घाईनं माझ्या काखेत हात घालतं. त्याचा हेतू वाईट नसतो, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या अंगाला कुणी, कुठे हात लावायचा हे त्या घटकेला माझ्या हातात राहत नाही. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. कामावर जाण्यासाठी बाईनं ही किंमत का मोजायची? माझी एक मैत्रीण इलेक्ट्रिक व्हीलचेअर वापरते. ती खुर्ची बॅटरीसकट इतकी जड आहे की चार जणांनाही उचलवत नाही, त्यामुळे तिच्यासाठी लोकल नाहीच.

हे सगळं होतं फलाट आणि डबा यांच्या उंचीतल्या फरकामुळे. २०१४ मधल्या एका भीषण अपघातानंतर उच्च न्यायालयानं लक्ष घातलं आणि फलाट उंच करायची कामं झाली. त्यानं जीव वाचले असतील, पण डबा अजूनही फलाटापेक्षा वरच आहे आणि मधली फट तशीच आहे. चालणारा ती सहज ओलांडतो. चाक तिथेच अडतं.

जून २०१४ मध्ये वर्सोवा-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. रस्त्यावरून लिफ्ट, आत जायला एक रुंद गेट, फलाट आणि डबा एका पातळीत. मी चाकं फिरवली आणि आत गेले. कुणाला हाक मारली नाही, कुणाचे आभार मानले नाहीत. शेजारच्या बाईंनी मोबाईलमधून मान वर करून पाहिलंसुद्धा नाही. त्यांना कल्पना नसेल, पण त्या न पाहण्याचा मला केवढा आनंद झाला!

आता मालाडहून दक्षिण मुंबईत जायचं तर मी मेट्रो २अ नं अंधेरी पश्चिमला येते, पुलावरून डी. एन. नगरला जाते, तिथून वर्सोवा-घाटकोपर मेट्रोनं मरोळ नाका आणि मग भुयारी मेट्रो ३. ऑक्टोबर २०२५ पासून ती थेट कफ परेडपर्यंत जाते. तीन गाड्या, लांबचा वळसा, लोकलच्या कितीतरी पट भाडं. तरी मी हाच रस्ता धरते.

अडचणी इथेही आहेत. एका स्टेशनची लिफ्ट उघडते ती अशा फुटपाथवर, की दुचाक्या चढू नयेत म्हणून त्याच्या तोंडाशी खांब पुरलेत. त्यांच्यामधून व्हीलचेअरही जात नाही. कुठे लिफ्ट रस्त्याच्या पलीकडच्या बाजूला आहे, कुठे ती बंद असल्याची पाटी. मग पुन्हा तेच, "जरा हात लावता का?" दिव्यांग हक्कांचा कायदा २०१६ चा आहे. नोव्हेंबर २०२४ मध्ये, सार्वजनिक जागा दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीच्या राजीव रतुरी खटल्यात, सर्वोच्च न्यायालयानं बजावलं, की नुसत्या मार्गदर्शक सूचना पुरेशा नाहीत, सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारकच हवेत. मी हे लोकांना आवर्जून सांगते, कारण पुष्कळांना अजून वाटतं की रॅम्प आणि लिफ्ट ही आमच्यावर केलेली मेहेरबानी आहे.

तेव्हा मदत करायचीच असेल, तर हात लावण्याआधी "कुठे धरू?" एवढं विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा. आणि बंद लिफ्ट दिसली, तर जिन्यानं जाण्याआधी तक्रार करा: रेल्वे स्टेशन असेल तर १३९ वर, मेट्रो असेल तर तिथल्या कर्मचाऱ्याकडे. मी एकटीनं केली की ती एका बाईची कटकट ठरते. शंभर धडधाकट माणसांनी केली तर दुरुस्तीला कुणीतरी येतं. फलाटाचा नंबर मात्र न विसरता सांगा, एका स्टेशनवर लिफ्ट बऱ्याच असतात.