साताऱ्याच्या मातीत चालेल असा मेटल डिटेक्टर

मेटल डिटेक्टर घ्यायचा विचार घरात बोलून दाखवला आणि ज्याच्या त्याच्या तोंडी 'गुप्तधन' सुरू झालं. शेजारी तेच, पाहुण्यांत तेच. कोरेगावच्या बाजूची आमची शेती बघणाऱ्या तात्यांनी, म्हणजे माझ्या थोरल्या चुलत्यांनी, मात्र वेगळंच विचारलं. "सोन्याचं ऱ्हाऊ दे. मागल्या साली रोटरचं पातं तुटून वावरात पडलंय, ते घावंल का त्यात?" म्हटलं, "घावेल तात्या." "मग घे की."

त्यांच्या या प्रश्नाने माझं काम सोपं झालं. काय शोधायचंय ते आधी ठरलं की निम्मी यंत्रं आपोआप बाजूला पडतात. मला शोधायची होती आमच्याच रानातली जुनी नाणी, खुरपताना बायकांच्या हातापायांतून निसटलेली जोडवी-अंगठ्या आणि तात्यांचं लोखंड. तिन्ही वस्तू लहान आणि वरच्या थरातल्या.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. 'वीस फूट खोल सोनं दाखवतो', 'शेतात उभं राहून लांबचा खजिना दाखवतो' अशा जाहिराती करून जी यंत्रं लाखांना विकतात, त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. छंदासाठीचा डिटेक्टर चुंबकीय क्षेत्रावर चालतो. यंत्राच्या टोकाला असलेल्या चकतीतल्या कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, सतत उलटसुलट वाहणारी वीज जाते, त्या क्षेत्रात धातू आला की त्याच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे विजेचे प्रवाह तयार होतात आणि त्यांचा प्रतिसाद दुसरी कॉइल पकडते. हे क्षेत्र अंतरागणिक झपाट्याने क्षीण होतं. नाण्याएवढी वस्तू साधारण कॉइलच्या व्यासाइतक्या खोलीपर्यंत कळते, म्हणजे अकरा इंची चकतीला फार तर अकरा इंच, तेही माती साथ देत असेल तर. मोठं भांडं आणखी खाली कळेल, पण वीस फुटांवरचं काही कळणार नाही. सातारा हे डॉ. नरेंद्र दाभोलकरांचं गाव. गुप्तधनाच्या नावाखाली चालणारे अघोरी प्रकार २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा ठरले, त्यामागे त्यांची अनेक वर्षांची मेहनत आहे. त्यांच्याच गावात बसून आपण यंत्राच्या रूपातल्या बुवाबाजीला पैसे मोजावेत, हे मला सहन होत नाही.

कायदाही खरेदीआधीच वाचून घेतला. १८७८चा निखात निधी कायदा अजून लागू आहे. जमिनीत दडलेली दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर ती काय आहे, कुठे आणि कधी सापडली हे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. न कळवल्यास एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शंभर वर्षांहून जुनी नाणी १९७२च्या पुरावशेष कायद्याखालीही येतात. गड, लेणी, जुनी देवळं, घाट इथे यंत्र न्यायचंच नाही. आपल्याकडे अजिंक्यताऱ्यापासून संगम माहुलीपर्यंत पावलोपावली इतिहास आहे. उकरून काढलेल्या नाण्याचा थर एकदा मोडला की अभ्यासकाला ते नाणं जवळजवळ मुकं होतं. म्हणून मी फक्त आमच्या सातबाऱ्यावरच्या रानात फिरतो, आणि दुसऱ्याच्या रानात मालकाने बोलावलं तरच.

आता मातीकडे येतो, कारण निवड खरी तिथेच होते. परदेशी व्हिडिओंत हिरवळीवर फिरणारं यंत्र पाहून आपण भुलतो. आपली जमीन बेसॉल्टची, म्हणजे काळ्या दगडाची. या दगडात मॅग्नेटाइट नावाचं चुंबकीय लोहखनिज असतं, आणि तो झिजून झालेल्या काळ्या रानातही ते उतरतं. डिटेक्टरला ही माती स्वतःच एक हलका संकेत देते. त्यावर तोडगा म्हणजे ग्राउंड बॅलन्स: यंत्राला 'ही माती, हिच्याकडे दुर्लक्ष कर' असं शिकवणं. स्वस्त यंत्रांत हे कारखान्यातच एका ठरावीक बिंदूवर बांधलेलं असतं. ओळखीच्या एकाकडचं असं दहा हजारांच्या आतबाहेरचं यंत्र मी आमच्या रानात फिरवून पाहिलं. मुरमाच्या प्रत्येक गोट्यावर ते ओरडत होतं. आवाज थांबावा म्हणून संवेदनशीलता कमी केली, तर चार बोटं खालचं नाणंही दिसेना.

म्हणून पुण्याला विक्रेत्याकडे जाताना प्लास्टिकचा टब भरून आमच्या रानातली माती नेली, वर दोन-चार काळे गोटे ठेवले. टब प्लास्टिकचाच हवा, लोखंडी घमेल्यात ही परीक्षा होत नाही. कॉइल मातीवर आणून वीतभर वर-खाली करायची आणि ऐकायचं. यंत्र मातीलाच धातू समजत असेल तर ते तिथल्या तिथे कळतं. दुकानदाराने तोंड वाकडं न करता मनसोक्त वेळ दिला. जो विक्रेता असा वेळ देत नाही त्याच्याकडून घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे, कारण पुढे दुरुस्तीलाही त्याच्याचकडे जायचं असतं.

सोबत नाण्यांची पुरचुंडीही होती. यंत्राच्या पडद्यावर धातूनुसार आकडा येतो, पण त्या आकड्यांची तक्ते-पत्रकं परदेशी नाण्यांवर बेतलेली. आपली नाणी वेगळी वागतात. १९९२पासूनचा एक रुपया चुंबकाला चिकटणाऱ्या स्टीलचा आहे, त्यामुळे आकडा कधी लोखंडात पडतो, कधी नुसता उडत राहतो. 'लोखंड नको' ही सोय चालू ठेवली तर अशी नाणी आवाजाविना निसटू शकतात. अ‍ॅल्युमिनियमचे ५ आणि १० पैसे वेगळ्या जागी, १९४३ ते ४७च्या काळातला तांबूस भोकाचा पैसा त्याहून वर, आणि आजीच्या पेटीतला तोळाभर वजनाचा राणीछाप रुपया सगळ्यांत वर, स्वच्छ खणखणीत. सोन्याची अंगठी मात्र नेमकी तिथे येते जिथे गोळ्यांच्या पाकिटाची चांदी, म्हणजे चकचकीत अ‍ॅल्युमिनियमचा कागद, येते. सोनं ओळखण्याचा वेगळा आकडा कुठल्याच यंत्रात नसतो. अंगठी हवी तर त्या कागदाचे कपटेही उकरावे लागतात.

शेवटी दोन-तीन यंत्रांत निवड आली. गॅरेटचं एस ३०० हलकं, सोपं, साध्या पेन्सिल सेलवर चालणारं, ८ किलोहर्ट्झचं (म्हणजे कॉइलमधली वीज सेकंदाला आठ हजार वेळा उलटसुलट होते), पण त्याचा ग्राउंड बॅलन्स ठरावीक. माइनलॅबचं व्हँक्विश एकाच वेळी अनेक वारंवारितांवर चालतं आणि मातीशी आपोआप जुळवून घेतं. नोक्ताचं सिंप्लेक्स प्लस १२ किलोहर्ट्झचं, १.३ किलोचं, तीन मीटर पाण्यात चालणारं. त्यात कळ दाबून कॉइल वर-खाली केली की ग्राउंड बॅलन्स जिथल्या तिथे करता येतो, हवा तर हातानेही. मी हेच घेतलं. आमच्या रानात वरच्या टप्प्याला मुरूम आणि ओढ्याकडेला गाळाची काळी माती आहे. दर टप्प्यावर बॅलन्स नव्याने करता येणं मला खोलीच्या आकड्यापेक्षा मोलाचं वाटलं. त्याची कॉइल डबल-डी आहे, म्हणजे इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी एकमेकांवर थोडी चढवलेली. समकेंद्री, म्हणजे वर्तुळात वर्तुळ असलेली, कॉइल वस्तूची नेमकी जागा चांगली दाखवते, पण खनिजाच्या मातीत डबल-डी शांत राहते.

जोडीला पिनपॉइंटर घेतला, म्हणजे खड्ड्यात वस्तूची नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा छोटा डिटेक्टर, तो हवाच. कालवलेल्या काळ्या मातीत नाणं डोळ्यांना दिसत नाही. उकरायला महागडं परदेशी हत्यार घेतलं नाही. आपलं खुरपं पुरतं, फक्त शोधताना ते कॉइलपासून लांब ठेवायचं.

रानात गेल्यावर हंगाम कळत गेला. सोयाबीन निघाल्यावर, पाऊस होऊन वाफसा आला की सगळ्यांत चांगलं. माती दमट असते, उकरायला मऊ असते. उन्हाळ्यात भेगाळलेलं रान खुरप्याला दाद देत नाही, आणि उसाच्या खोडव्यात चकती फिरतच नाही. डीपीजवळ किंवा विजेच्या तारांखाली यंत्र विनाकारण बडबडतं, तिथे संवेदनशीलता खाली आणायची. सुरुवातीला सापडल्या त्या बैलांच्या खुरांच्या पत्र्या, त्यांचे खिळे, नट-बोल्ट, कीटकनाशकाच्या बाटलीच्या तोंडाची चांदी. या प्रत्येक वस्तूने माझे कान तयार केले. लोखंडाचा जाड आवाज आणि तांब्याचा टणक आवाज आता पडद्याकडे न बघता ओळखू येतो.

रोटरचं पातं बांधाच्या कडेला, टीचभर खोलीवर निघालं. तात्यांनी ते हातात तोललं आणि म्हणाले, "आता इहिरीकडल्या पट्टीत पण बघ. तिथं कुळवाची फास गेलीया." त्या पट्टीलगत आमच्या जुन्या घराचं जोतं आहे, आणि तिथे खिळ्यांची इतकी दाटी की मोठ्या कॉइलखाली एका वेळी तीन-चार आवाज मिसळतात. तिथे लहान कॉइल लागते, ती दोन वस्तू वेगळ्या दाखवते. आपल्या यंत्राला बसणारी लहान कॉइल इथे मिळते का, हे मी खरेदीच्या वेळीच विचारून ठेवलं होतं. दिवाळीनंतर ती मागवतोय.