वाचनाची वही: ठिपके आणि चौकोन

मागच्या नोंदीला चौदा आठवडे झाले. पहिले तीन आठवडे वहीत नेहमीचेच रकाने होते: तारीख, पानं, मिनिटं. नंतर मी पानं मोजणं बंद केलं. आजची नोंद त्यापुढच्या अकरा आठवड्यांची आहे.

कारण घडलं एका रविवारी. वहीत ‘४६ पानं’ असं लिहिलं, पुस्तक मिटलं आणि सहज स्वतःलाच सांगू लागले की काय वाचलं. जेमतेम चार वाक्यं झाली आणि गाडी अडली. पुस्तक कंटाळवाणं मुळीच नाही. शिडाच्या जहाजांवरचं आहे, मी ते हौसेनं निवडलंय. एकही ओळ गाळली नव्हती याची खात्री होती. मग डोळे त्या ओळींवरून जात होते तेव्हा मी कुठे होते? हा प्रश्न काही केल्या डोक्यातून जाईना.

म्हणून नवी पद्धत. हातात पेन्सिल. मन भरकटल्याचं ध्यानात आलं की समासात ठिपका. प्रकरण संपलं की पुस्तक मिटायचं आणि न बघता आठवेल तेवढं लिहायचं. बाकी काही मोजायचं नाही.

आठवडा १

वीस मिनिटांत अकरा ठिपके. तेही फक्त ध्यानात आलेले. एका ठिपक्याच्या वरचं जवळजवळ पानभर मी जणू पहिल्यांदाच बघत होते.

हे सगळ्यांचंच होतं. प्रयोगांत वाचणाऱ्याला मधेच थांबवून ‘आत्ता मन कुठे होतं?’ असं विचारतात, तेव्हा साधारण वीस ते चाळीस टक्के वेळा ते दुसरीकडेच सापडतं. २०१० साली एरिक राइकल, जोनाथन स्कूलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजक्या वाचकांना डोळ्यांच्या हालचाली टिपणाऱ्या यंत्रासमोर बसवून अख्खी कादंबरी वाचायला दिली. मन बाहेर गेलं तरी डोळे ओळीमागून ओळ पुढे जातच होते, फक्त त्यांची चाल बदलली होती. लक्ष असताना डोळा नेहमीच्या शब्दावरून चटकन उठतो आणि क्वचित भेटणाऱ्या शब्दावर रेंगाळतो. मन जागेवर नसलं की हा फरक पुसट होतो, सगळे शब्द सारखेच. माझी रविवारची ४६ पानं अशीच गेली असणार.

डोळ्यांचा विषय निघालाच आहे तर माझी एक जुनी समजूत इथेच दुरुस्त करते. वाचताना डोळा ओळीवरून सरकत नाही, उड्या मारत जातो. दर थांबा साधारण पाव सेकंदाचा, आणि शंभरातल्या दहा-पंधरा उड्या मागे जाणाऱ्या. मी कित्येक वर्षं या मागच्या उड्यांना वाईट सवय समजत होते. ओळीखाली पट्टी सरकवत, मागे न बघण्याचा सरावही केला होता. २०१४ च्या एका प्रयोगात वाचून झालेला शब्द पडद्यावर झाकून टाकला, म्हणजे मागे जाऊनही काही मिळू नये. वाचकांचं आकलन घसरलं. मन अडखळतं तेव्हा डोळा ते सावरायला मागे जातो. पट्टी आता खणात आहे.

आणखी एक गोष्ट मला फार सुंदर वाटते. इंग्रजी वाचणाऱ्याला एका थांब्यात डावीकडची तीन-चार अक्षरं उपयोगी पडतात, उजवीकडची मात्र चौदा-पंधरा. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, तिथे हा झुकाव उलटा होतो. डोळे तेच, पण लिपी लक्षाला वळण लावते. आपल्या लिपीतली ऱ्हस्व वेलांटी घ्या. ‘कि’ वाचताना डोळ्याला आधी वेलांटी भेटते, जिभेला आधी क. ही अदलाबदल आपण दिवसातून हजारदा करतो आणि आपल्याला तिचा पत्ताही नसतो.

आठवडा २ आणि ३

ठिपके थोडे कमी. खरा फरक न बघता लिहिण्यानं पडला. पहिल्या दिवशी पाच ओळी, तिसऱ्या आठवड्याअखेर दीड पान. २००६ साली रोडिगर आणि कार्पिक यांनी दाखवलं होतं की मजकूर पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या परीक्षेत पुढे असतात, पण आठवड्यानंतर आठवून लिहिणारे पुढे जातात. हे मला वाचून माहीत होतं. केलं कधीच नव्हतं.

लिहिताना एक चूक परत परत दिसली आणि ती मला चुकीपेक्षा मोठी वाटते. मी लिहिलं होतं, ‘कप्तान सुकाणूजवळ उभा राहून ओरडला.’ पुस्तक उघडून पाहिलं, तर तो ओरडला एवढंच आहे. उभं मी त्याला केलं होतं. १९७२ सालचा ब्रॅन्सफर्ड, बार्कले आणि फ्रँक्स यांचा प्रयोग आठवला. लोकांना वाक्य ऐकवलं: तीन कासवं तरंगत्या ओंडक्यावर विसावली होती आणि मासा त्यांच्या खालून पोहत गेला. नंतर अनेकांना वाटलं, आपण ‘मासा ओंडक्याखालून गेला’ असंच ऐकलं होतं. कासवं ओंडक्यावर, मासा कासवांखाली, म्हणजे ओंडक्याखालीही. शब्द निघून जातात आणि शब्दांवरून बांधलेलं दृश्य राहतं. तेव्हापासून वहीत अशा ‘न लिहिलेल्या’ गोष्टींखाली मी रेघ मारते. लेखकानं किती दिलं आणि मी किती घातलं, ते त्या रेघांत दिसतं.

आठवडा ५

ठिपक्यांचा नकाशा पाहिला तर ते सगळीकडे सारखे पडलेले नाहीत. दोरखंड आणि शिडांची रचना सांगणाऱ्या प्रकरणात ते मुंग्यांसारखे दाटले आहेत. मला वाटत होतं की त्या दिवशी मी दमलेले असेन. पण तीन वेगवेगळ्या दिवशी वाचलेल्या पानांवर तेच.

मग एका संध्याकाळी वाचन बाजूला ठेवलं आणि जहाज काढलं. नाळ, सुकाणू, तीन डोलकाठ्या, कुठलं शीड कुठे, कोणता दोर काय ओढतो. चित्र वाकडंतिकडं आलं पण खरं आलं. दुसऱ्या दिवशी तेच प्रकरण पुन्हा वाचलं: नऊच्या जागी तीन ठिपके, आणि वारा फिरल्यावर खलाशांची धावपळ का उडते ते दिसलं.

दिसलं हाच शब्द बरोबर आहे. १९८८ मध्ये रेख्त आणि लेस्ली यांनी शाळकरी मुलांना बेसबॉलच्या एका डावाचं वर्णन वाचायला दिलं. वाचनात कच्ची पण खेळ जाणणारी मुलं, वाचनात पक्की पण खेळ न जाणणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेली. वाचता येणं म्हणजे एकच कौशल्य, ते आलं की कुठल्याही मजकुराला लावता येतं, असं मी धरून चालले होते. आता वाटतं, माझी एकाग्रता कमी पडत नव्हती, मनाला पाय टेकायला जागा नव्हती. पाय टेकले नाहीत की ते ओळखीच्या गोष्टींकडे पळतं, उद्याच्या कामांकडे, जुन्या भांडणाकडे.

आठवडा ७

चौकोन सुरू झाले, आणि माझ्या दृष्टीनं या सगळ्या आठवड्यांतली हीच खरी कमाई.

वारा पडल्याचं प्रकरण होतं. दिवसच्या दिवस जहाज जागच्या जागी, शिडं लोंबताहेत, माणसं एकमेकांशी बोलेनाशी झाली आहेत. वाचता वाचता मी लहानपणीच्या एका लांबलेल्या तापात पोचले. दुपारभर न हलणाऱ्या पडद्याकडे बघत पडून राहायचे, ते. भानावर येऊन ठिपका काढायला गेले आणि पेन्सिल थांबली. मी पुस्तकाबाहेर गेले होते हे खरं, पण मला पुस्तकानंच पाठवलं होतं. आणि परत आले ती रिकाम्या हातांनी आले नव्हते, कारण त्या खलाशांचं गप्प होणं मला आता आतून कळत होतं.

अशा ठिकाणी ठिपका काढणं अन्याय आहे. तिथे चौकोन. पहिल्या आठवड्यातले ठिपकेही पुन्हा तपासले, आठवेल तसे. त्यातले काही नक्कीच चौकोन होते. मी त्यांना चूक म्हणून मोजत होते.

कथा वाचली की लगेच दुसऱ्याचं मन जास्त कळू लागतं, असं सांगणारा २०१३ चा अभ्यास खूप गाजला. पुढे इतरांनी तो पुन्हा करून पाहिला तेव्हा तो परिणाम मिळाला नाही. मला त्याचं नवल वाटलं नाही. एका बैठकीत काय होणार? पण चौकोन साठत जातात, आणि साठलेल्या चौकोनांचं काहीतरी होत असणार असं मी मनापासून मानते.

आठवडा ९

या आठवड्यात जहाजं कमी, मेंदू जास्त.

लेखनकला सुमारे पाच हजार वर्षांची. एवढ्या अवधीत मेंदूत वाचनासाठी वेगळी जागा उत्क्रांत होणं शक्य नाही. तरीही डाव्या मेंदूत मागे, खालच्या बाजूला एक भाग असा आहे की तो लिखित शब्दांवर जागा होतो, आणि ही गोष्ट वेगवेगळ्या लिप्या वाचणाऱ्यांत दिसते. मेंदूशास्त्रज्ञ स्तानिस्लास दहान यांचं म्हणणं असं की चेहरे, वस्तू ओळखणारी जुनी यंत्रणा वाचनानं आपल्या कामाला जुंपली. १८९२ साली ज्यूल देजेरीन यांनी एका रुग्णाची हकिगत लिहिली. त्याला लिहिता येत होतं, बोलता येत होतं, आणि स्वतःच लिहिलेलं वाचता येत नव्हतं. ती हकिगत वाचताना मी बराच वेळ थांबले. चौकोन.

२०१७ सालचा एक अभ्यास तर आपल्याच लिपीचा. लखनौजवळच्या गावांतल्या निरक्षर प्रौढांना, त्यांत बहुतेक तिशीतल्या स्त्रिया, सहा महिने देवनागरी शिकवली. आधी आणि नंतर मेंदूचं चित्रण केलं. बदल फक्त वरच्या थरात नव्हता. थॅलॅमस आणि मेंदूचं खोड या खोल, फार जुन्या भागांचं दृष्टीच्या भागाशी असलेलं संधान घट्ट झालं होतं. तिशीत, सहा महिन्यांत, पहिलीच्या मुलाइतकं वाचता येईपर्यंत. कितीतरी वेळा मी ऐकलंय की वाचनाची गोडी लहानपणीच लागली तर लागली. त्या स्त्रियांचे मेंदू असं म्हणत नाहीत.

आठवडा ११

आज रविवारचीच ती ४६ पानं पुन्हा वाचली, तीन बैठकांत. ठिपके सात, चौकोन नऊ. न बघता लिहिलेली अडीच पानं.

सर्वांत मोठा चौकोन खोली मोजण्याच्या परिच्छेदावर आहे. दोराला शिशाचं वजन बांधून पाण्यात सोडत आणि वजनाच्या बुडाला चरबी लावत. तळाची वाळू, चिखल, शिंपल्यांचा चुरा तिला चिकटून वर येई. किनारा दिसत नसताना नुसतं ते बोटांत चोळून जाणती माणसं आपण कुठे आहोत ते सांगत. पहिल्या वाचनात या परिच्छेदावर ठिपकाही नव्हता, कारण तेव्हा मी ठिपके काढतच नव्हते. आणि माझ्या त्या चार वाक्यांतही हा नव्हता.

पुढचं पुस्तक समुद्राच्या तळावरचं आणलं आहे. सुरू करण्याआधी या वेळी तळाचा एक उभा छेद काढून ठेवणार आहे.