डी-७ लाल झाला तो दिवस

नायट्रोसेफिन हे फार बोलकं रसायन. बीटा-लॅक्टमेज या एन्झाइमनं त्याला तोडलं की ते पिवळ्याचं लाल होतं, नुसत्या डोळ्यांना दिसतं. याच एन्झाइमच्या जोरावर कित्येक जिवाणू पेनिसिलिनला दाद देत नाहीत. त्याला अडवणारे रेणू शोधायचे, हा माझा एम.एस्सी.चा प्रकल्प होता. ९६ खळग्यांची प्लेट, त्यातले १६ तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोलचे, उरलेल्या ८० मध्ये वनस्पतींतून वेगळं केलेलं एकेक संयुग.

त्यात डी-७ हा खळगा पिवळाधमक राहिला, म्हणजे तिथं एन्झाइम अडलं होतं. पुन्हा केलं, तेच. संयुगाच्या स्वतःच्या रंगामुळे तर फसत नाही ना, तेही पाहिलं. लाल रंग जिथं मोजतात, त्या ४८६ नॅनोमीटरला त्याचं शोषण नव्हतं. आयसी-५० आली ३ मायक्रोमोलर, म्हणजे एवढ्याशा मात्रेत एन्झाइमचं काम निम्म्यावर येत होतं. रात्री घरी फोन केला. बाबांनी विचारलं, "म्हणजे औषध सापडलं का गं?" "नाही बाबा, त्याला अजून खूप वर्षं," म्हणाले खरी, पण माझा आवाज त्यांना कळलाच.

सकाळी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी मात्रा आणि रोध यांचा आलेख हातात घेतला आणि आयसी-५० कडे पाहिलंही नाही. "उतार बघ," म्हणाल्या. एक रेणू एन्झाइमच्या एका जागी नीट बसत असेल, तर रोध १० टक्क्यांवरून ९० वर न्यायला मात्रा ८१ पट वाढवावी लागते. माझं सगळं पाचपटीतच उरकलं होतं. "ट्रायटन घालून केलंस?"

केलं नव्हतं. बफरमध्ये ०.०१ टक्का ट्रायटन एक्स-१०० हा डिटर्जंट, बाकी सगळं जसंच्या तसं. नायट्रोसेफिन सोडलं आणि प्लेटवरून नजर हलवली नाही. डी-७ आधी नारिंगी झाला, मग शेजाऱ्यांसारखाच लाल. एन्झाइम दहापट घेऊन पाहिलं, तर डिटर्जंटशिवायही रोध जवळजवळ नाहीसा.

डीएमएसओ या द्रावकात छान विरघळणारे काही रेणू पाण्यात गेले की एकमेकांना चिकटून सूक्ष्म गोळे बनवतात. एन्झाइम त्या गोळ्यांच्या पृष्ठभागावर अडकून पडतं. कुलपात किल्ली बसतच नाही, अख्खं कुलूपच चिखलात रुततं. डिटर्जंटनं गोळे फुटतात आणि एन्झाइम सुटतं. ब्रायन शॉइकेट यांच्या गटानं २००२-०३ मध्ये हे दाखवून दिलं, तेही बीटा-लॅक्टमेजवरच. रेणू तोंडावाटे घ्यायचं औषध होण्याजोगा आहे का, हे ढोबळपणे सांगणारे लिपिन्स्कीचे नियम आम्हा सगळ्यांना तोंडपाठ असतात. या गोष्टीला वर्गात जेमतेम पाव तास मिळतो, याचं मला फार वाईट वाटतं. त्या पाव तासाच्या अज्ञानावर एखाद्याची वर्षं जाऊ शकतात.

मी प्लेट उचलायला गेले, तर मॅडमनी बी-४ वर बोट ठेवलं. फिकट केशरी. आयसी-५० सत्तर मायक्रोमोलरच्या आसपास, म्हणजे रोध कमजोर, म्हणून मी त्याला यादीतून काढलं होतं. ट्रायटन घातल्यावरही त्याचा आकडा हलला नव्हता, उतारही एकच्या जवळ, म्हणजे त्या ८१ पटीच्या हिशेबात बसणारा होता.

"हा खरं बोलतोय. याच्यावर काम कर."

दुपारी जेवायचं राहिलं. बी-४ ची डायल्युशन्स लावली, प्रत्येक मात्रा तीन-तीन खळग्यांत, डिटर्जंटसह आणि डिटर्जंटशिवाय. रात्री बाबांचा फोन आला. मी त्यांना बी-४ बद्दल सांगितलं.