दोऱ्याला बांधलेली अंगठी

मंगळवार, रात्री उशिरा

टेबल आवरायचं सोडून आज अंगठी दोऱ्याला बांधून बसलो होतो. कोपर टेकवलं, दोरा चिमटीत धरला, हात हलवायचा नाही असं बजावलं आणि मनात फक्त गोल फिरणं आणलं. थोड्या वेळाने अंगठी खरंच फिरायला लागली. मग सरळ रेघ मनात आणली, तर वर्तुळ लांबत लांबत रेघेवर आलं. हात हलवल्याचं मला शपथेवर जाणवलं नाही. डोळे मिटले की मात्र सगळं मंदावतं.

शेव्रल नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८३३ मध्येच हे लिहून ठेवलंय. पुढे १८५३ मध्ये फॅरेडे या इंग्रज शास्त्रज्ञाने आणखी मजा केली. तेव्हा लोक टेबलाभोवती बसून आत्मे बोलवायचे आणि टेबल सरकायचं. त्याने हात आणि टेबल यांच्यामध्ये पुठ्ठ्यांचे थर ठेवले. आधी वरचे थर सरकत होते, टेबल मागून. म्हणजे ढकलत होते बसलेलेच, आणि तेही प्रामाणिकपणे! हाताचा दाब दाखवणारा काटा त्यांच्या समोर ठेवल्यावर टेबल हलेना.

मला यात भोंदूगिरी उघडी पडण्यापेक्षा दुसरंच मोठं वाटतं. आपण समजतो, आधी विचार पुरा होतो, मग मेंदू हुकूम सोडतो, मग हात हलतो. पण हालचालीची नुसती कल्पना करतानाही मेंदूतले हालचाल आखणारे बरेचसे भाग कामाला लागतात. विचारात हालचाल सुरू झालेलीच असते. बहुतेक वेळा ती आत अडवली जाते, कधी थोडी निसटते. अंगठीत ते निसटणं दिसतं, एवढंच.

बोलताना हात उडतात तेही यातलंच असावं. समोरच्याला दाखवायला म्हणावं, तर जन्मांध माणसं दुसऱ्या अंध माणसाशी बोलतानाही हातवारे करतात. १९९८ च्या एका अभ्यासात हे नोंदवलंय. मी तर फोनवर येरझाऱ्या घालतो, ते कोणासाठी?

घरचे म्हणतात, जरा एका जागी बसून विचार कर. बसतो. मग पाय हलत राहतो. तोही दाबून धरला की हिशेब अडतो, आणि मी उठतो.