गोव्यात चोणकाच्या मागे: भाड्याचा रॉड घेऊ नका

गोव्याच्या खाडीत मासे गरवायला बोट ठरवलीत की बोटवाला फोनवर म्हणेल, "रॉड आणायची गरज नाही, आमच्याकडे अमेरिकेतले बास टुर्नामेंटचे रॉड आहेत, एकदम सेन्सिटिव्ह." त्याला हो म्हणा आणि स्वतःचा रॉड गाडीत टाकाच. आम्हा चौघांना हेच सांगून कोल्हापुरातून मोकळ्या हातांनी बोलावलं गेलं. पुढे जे झालं त्यातला पैशाचा भाग सोडून देता येईल, पण हातातून गेलेला चोणक (कोकणातला जिताडा) विसरता येत नाही, म्हणून हे लिहितो आहे.

आजरा, आंबोली, सावंतवाडी, बांदा आणि पत्रादेवीवरून गोव्यात. रस्त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. समुद्रकिनाऱ्यावर गेलेला दिवसही छान गेला, त्याबद्दलही काही सांगायचं नाही.

सांगायचं आहे ते जेटीवरच्या सकाळचं. फोनवर दर ठरला होता चौघांना अर्ध्या दिवसाचे ४,५०० रुपये, "सगळ्या सामानासकट". उजाडायच्या आत पोहोचलो तर हिशेब बदललेला. रॉड-रीलचं भाडं माणशी ६०० वेगळं, जिवंत सुंगटांचे, म्हणजे कोळंबीचे, ४०० वेगळे, आणि "लांबच्या स्पॉटला जायचं तर" डिझेलचे ८०० वेगळे. म्हणजे ८,१००. भरती लागलेली, पूर्वेला तांबडं फुटलेलं, बोटीचं इंजिन सुरू. अशा वेळी कोणी वाद घालत बसत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. आधी दर लेखी घ्या. व्हॉट्सअॅपवर चार ओळी मागवा: माणसं किती, तास किती, रॉड धरून की सोडून, डिझेल धरून की सोडून, लाइफ जॅकेट आहे की नाही. जो लिहून देत नाही त्याची बोट घेऊ नका.

आता रॉडकडे येतो. काळा-लाल रंग, सोनेरी अक्षरात "टुर्नामेंट सिरीज", खाली "ग्राफाइट कंपोझिट", म्हणजे कार्बन मिसळलेला. हातात घेतल्या घेतल्या टोकाकडे झुकला. रील लावूनही तोल पुढेच. हलवला की टोक बराच वेळ थरथरत राहायचं. आत जवळपास सगळं फायबरग्लास होतं. फायबरग्लासला मी वाईट म्हणत नाही. ते चिवट असतं, सहसा तुटत नाही, आणि क्रँकबेटसारखं तीन काट्यांचं ल्युअर (नकली आमिष) ओढताना त्याचा मऊपणा उपयोगी पडतो. पण ते जड असतं, आणि तळाला जिग, म्हणजे वजनदार डोक्याचा गळ, टेकवत खेळायचं असेल तर खालची खबर हातापर्यंत येऊच देत नाही.

बोट कुंभारजुवे कालव्यात गेली. मांडवी आणि जुवारी या दोन नद्यांना जोडणारा हा कालवा, दोन्ही बाजूंना खारफुटी, पाणी गढूळ हिरवं. जागा उत्तम आहे यात शंका नाही. आम्ही १४ ग्रॅमचे जिगहेड मुळांच्या कडेला टाकत होतो. जिग चिखलात बसला, शिंपल्यावर आपटला की माशाने तोंडात घेऊन थुंकला, काही कळत नव्हतं. सगळं एकसारखं बोथट. मित्राचा ब्रेड, म्हणजे विणलेली दोरी, एकदम आडवा सरकताना मी डोळ्यांनी पाहिला, त्याच्या हाताला मात्र काहीच लागलं नव्हतं. मी ओरडलो, त्याने रॉड उचलला, आणि चोणक पाण्याबाहेर आला. तोंड उघडं, कल्ले फाकलेले, डोकं झटकत. दुसऱ्या उडीला ब्रेड तुटला.

तुटला कुठे? लीडरपाशी (गळाजवळच्या जाड दोरीच्या तुकड्यापाशी) नाही, माशाच्या कल्ल्यापाशी नाही. अगदी टोकाच्या रिंगेपाशी, जिच्यातून दोरी बाहेर पडते. मी ती रिंग जवळून पाहिली. आतली सिरॅमिकची कडी केव्हाच निखळून गेली होती आणि उघड्या पडलेल्या लोखंडी चौकटीवर ब्रेडने केस रुतेल एवढी खाच पाडली होती, तिच्या कडेने गंज. ब्रेडचं टोक वातीसारखं पिंजलेलं. सकाळपासून प्रत्येक कास्टला (फेकीला) किरकिर आवाज येत होता तो याचाच. बोटवाला म्हणाला, "मासा मोठा होता ना." मासा मोठा होता म्हणून नाही, ज्या रॉडचे आमच्याकडून ६०० घेतले त्याची शंभर-दीडशे रुपयांची रिंग बदललेली नव्हती म्हणून गेला. बाकीचे तीन रॉड तपासले, त्यातल्या आणखी एकाची मधली रिंग तडकलेली. खाऱ्या पाण्यात भाड्याने फिरणाऱ्या सामानाची ही अवस्था असणारच. भाड्याचा रॉड घेऊ नका. घ्यावाच लागला तर पाण्यात उतरण्याआधी प्रत्येक रिंगेतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकला की तो रॉड परत करा.

"बास टुर्नामेंट" या शब्दांना लोक भुलतात, म्हणून थोडं खोलात जातो. बास हा अमेरिकेतल्या गोड्या पाण्याचा मासा, आपल्या नद्यांत तो नाही. तिथे १९६०च्या दशकाच्या शेवटी बी.ए.एस.एस. ही बास गरवणाऱ्यांची संघटना निघाली, १९७१ मध्ये तिची पहिली बासमास्टर क्लासिक स्पर्धा लेक मीडवर झाली. आज तिथल्या स्पर्धांत साधारणपणे दिवसाचे पाच मासे जिवंत ठेवून वजनाला आणायचे असतात. पाचच मासे मोजले जाणार म्हटल्यावर एकेका बाइटची, म्हणजे माशाने आमिष तोंडात घेण्याची, किंमत वाढते. बास जिग ओढून घेतो आणि क्षणात थुंकतो. तो क्षण हातात यावा म्हणून तिथे हलके, ताठ, झटकन सावरणारे रॉड तयार झाले. मिडियम हेवी पॉवर (मध्यमपेक्षा जास्त ताकदीचा), फास्ट अॅक्शन (मुख्यतः टोकाकडे वाकणारा), सुमारे सात फूट, ७ ते २८ ग्रॅमचं ल्युअर. आपला चोणक आणि तामसो, म्हणजे तांबोशी, हे दोघेही मुळांत, पुलाच्या खांबाआड, पडलेल्या ओंडक्याखाली बसतात आणि लागले की तिकडेच पळतात. म्हणून हाच रॉड गोव्याच्या खाडीत उत्तम चालतो. चालतो तो त्याच्या बांधणीमुळे. स्टिकर कोणीही छापतं.

टनांचंही तसंच. "३० टन", "४० टन कार्बन" हे धाग्याच्या ताठपणाचे आकडे. धागा जितका ताठ तितका कमी माल लागतो, रॉड हलका होतो, थरथर लवकर पोहोचते. पण त्या रॉडमध्ये असा धागा किती टक्के आहे, राळ किती, भिंत किती जाड, हे आकडा सांगत नाही. आयएम ६, आयएम ७, आयएम ८ ही तर हेक्सेल या कार्बन बनवणाऱ्या कंपनीची स्वतःच्या मालाची नावं, सगळ्या धंद्याला लागू असलेलं ते मोजमाप नाही. शिवाय फार ताठ कार्बन ठिसूळ असतो. बोटीच्या कडेला मासा आला असताना रॉड सरळ उभा धरलात तर टोकाकडून फाटकन जातो. खाडीत पहिल्यांदा उतरणाऱ्याला २४ ते ३० टनांचा प्रामाणिक रॉड पुरे. १५,००० चा रॉड घेण्यात अर्थ नाही.

बोटीवरून उतरलो ते तडक म्हापशाच्या बाजारात. अंगाला चिखल, डोक्यात राग. दुकानदार मराठी माणूस, शांतपणे सहा-सात रॉड काढून समोर ठेवले आणि म्हणाला, "लेबल नंतर वाचा, आधी हातात घ्या." मी घेतला तो सात फुटी, दोन तुकड्यांचा, स्पिनिंग (रील खालून लागणारा), मिडियम हेवी, ३,४०० रुपयांचा. कसा निवडला ते सविस्तर सांगतो, कारण या किमतीत चांगले आणि टाकाऊ रॉड शेजारी शेजारीच लटकलेले असतात.

आपली रील घेऊनच दुकानात जा आणि ती लावून बघा. २५०० किंवा ३००० आकाराची रील लावल्यावर तोल रील सीटच्या (रील बसवायच्या जागेच्या) जरा पुढे, बोटांवर यायला हवा. टोक खाली जात असेल तर तासाभरात मनगट भरून येतं आणि भरलेल्या मनगटाला बाइट कळत नाही. सात फुटी रॉड १५० ग्रॅमच्या आत असेल तर बरं. मग झटका देऊन थांबवा. टोक लगेच स्थिर झालं पाहिजे. हेलकावत राहिलं तर ठेवून द्या. मग मित्राला डोळ्यांआड उभं करून रॉडच्या टोकाला नखाने हलकेच खरवडायला सांगा आणि रील सीटमध्ये बोट ब्लँकला, म्हणजे रॉडच्या मूळ दांडीला, टेकवून बघा. चांगल्या रॉडमध्ये खरवडणं बोटात येतं, वाईटात नुसतं काहीतरी हललं एवढंच कळतं. रील सीट अशी असावी की ब्लँक खालून उघडा राहील आणि बोट थेट त्यावर पडेल. लांब जाड फोमची मूठ दिसायला भारदस्त, पण कामाची नाही.

रिंगांवर सगळ्यात जास्त वेळ घालवा. फूजी कंपनीच्या मिळाल्या तर उत्तम. नसल्या तर निदान चौकट चांगल्या स्टेनलेसची आणि आतली कडी अॅल्युमिनियम ऑक्साइडची पक्की बसलेली हवी. नख लावून बघा, हलते का. टोकाची रिंग लहान आणि हलकी हवी, कारण टोकावरचा प्रत्येक ग्रॅम रॉडला मंद करतो. गोड्या पाण्यासाठी बनवलेल्या स्वस्त बास रॉडची खाऱ्या पाण्यात पहिली मरते ती रिंगच. शेवटी दोन तुकडे जोडून टोकापासून डोळा लावून बघा, सरळ आहे का, आणि हलवल्यावर जोडात टकटक होते का. एका तुकड्याचा रॉड जास्त चांगला असतो हे खरं. पण सात फूट लांबीचं ते लटांबर आंबोलीच्या वळणांतून किंवा कोकण रेल्वेच्या डब्यातून नेणं मला जमण्यातलं वाटत नाही.

आणि दोरी. नायलॉन ताणतं, त्यामुळे महागातला रॉडही बहिरा होतो. पैसे कमी असतील तर रॉडमधले हजार काढून चांगल्या ब्रेडमध्ये घाला, २० ते ३० पौंड ताण सोसणारा. पुढे दोन-तीन फूट ४० पौंडाचा फ्लुरोकार्बन लीडर. चोणकाचं तोंड खरखरीत असतं आणि कल्ल्याची कडा सुरीसारखी कापते.

संध्याकाळी पेडण्याच्या बाजूला शापोरा नदीकाठी गेलो. तिथे एक वयस्क काका गरवत बसले होते. रॉड नाही, रील नाही. हातात दोरी, टोकाला गरी, गरीला जिवंत सुंगट. दोरी तर्जनीवरून सोडलेली. आम्ही बसलो तेवढ्यात त्यांनी दोन काळुंदरं आणि एक गोबरो काढला. माझा रॉड त्यांनी हातात घेऊन पाहिला, बोट ब्लँकवर ठेवलं आणि म्हणाले, "बरो आसा. पूण दोरी बोटार दवर, सगळें कळटा." मी तसंच केलं. कास्ट झाल्यावर रीलच्या पुढे ब्रेड तर्जनीवर उचलून धरला. जिग तळाला टेकला ते कळलं, शिंपल्यावरून घसरला ते कळलं, आणि खाली पडत असतानाच एक बारीक टक् आलं. उचलला. तामसो. खांबाकडे पळाला, पण या वेळी मला आधी कळलं होतं. तांबूस पाठ पाण्याबाहेर आली तेव्हा मी मोठ्याने ओरडलो आणि पलीकडच्या काठावरचे लोक बघायला लागले. सेन्सिटिव्ह रॉड म्हणजे काय ते मला त्या संध्याकाळी हाताने समजलं.

आता काही जागांबद्दल, कारण हे कोणी आधी सांगत नाही. खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून केलेल्या, शेतीच्या बांधावर मानस असते, भरती-सुकतीचं पाणी आत-बाहेर करणारं दार. सुकतीला तिच्या तोंडाशी मासे गोळा होतात हे खरं. पण तिथल्या मासेमारीचा हक्क लिलावाने दिलेला असतो. विचारल्याशिवाय तिथे गळ टाकू नका, भांडण होईल आणि चूक तुमचीच असेल. चोडण बेटाच्या टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे, त्याच्या हद्दीत रॉड काढूच नका. कुंभारजुवे कालव्यात मगरी आहेत, त्या गोष्टीतल्या नाहीत, खऱ्या आहेत. अडकलेला जिग सोडवायला चिखलात उतरू नका, तीनशे रुपयांचा जिग जाऊ दे.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींना मासेमारी बंदी असते, तेव्हा बोटीचा बेत नको. पाऊस संपल्यावर पाणी निवळायला वेळ लागतो. ऑक्टोबरच्या शेवटापासून जमतं. उधाणाच्या दिवसांत खाडीला ओढ फार असते, १४ ग्रॅमचा जिग तळाला टिकत नाही, २१ ग्रॅमचे बरोबर ठेवा. रॉड, रील, रिंगा रोज रात्री हॉटेलच्या नळाखाली गोड्या पाण्याने धुवा, दोन तुकडे वेगळे करून जोड पुसा. मुक्काम संपेपर्यंत थांबलात तर मीठ आपलं काम करून जातं. आणि जेटीवर कोणी वाढीव पैसे मागितले तर फोनमधल्या त्या चार ओळी दाखवा, ऐकत नसेल तर सामान उचलून शापोऱ्याच्या काठाला जा. तिथे बसायला कोणी पैसे मागत नाही.