मिठाला सुटलेलं पाणी

आषाढात आमच्या स्वयंपाकघरात कोरडं असं काही राहत नाही. पापड सादळतात, काडेपेटी रुसते आणि मिठाच्या बरणीत आई तांदळाचे दाणे टाकून ठेवते. यंदा मात्र जवखाराने कमाल केली. वैद्यांनी आईच्या खोकल्यासाठी सांगितला म्हणून काष्ठौषधींच्या दुकानातून पुडी आणली आणि फडताळात विसरलो. पंधरवड्याने पाहतो तर पुडी आहे, जवखार नाही! कागद चिंब झालेला आणि खालच्या बशीत पिवळट, दाटसर पाणी. बोटाला लावलं तर बुळबुळीत, थेट तेलासारखं.

"टाक ते," आई म्हणाली. पण टाकवेना. या तेलाची आणि माझी वाचनातली जुनी ओळख होती.

जव जाळून त्याच्या राखेतून काढतात तो जवखार. खरा असेल तर त्यात पोटॅशियम कार्बोनेट असतं आणि हवेतलं पाणी ओढून घेऊन त्यातच विरघळायची त्याला खोड असते. युरोपातल्या किमयागारांनी या खोडीचीच रीतसर कृती बसवली होती. दारूच्या पिंपांना आतून जो आंबट खडा धरतो, त्याला ते टार्टर म्हणत. तो खरवडायचा, पांढरा होईपर्यंत भाजायचा आणि दमट तळघरात काचेच्या उतरत्या तुकड्यावर पसरून ठेवायचा. भट्टी नको, पाणीही नको. काही दिवसांत थेंब थेंब ओघळून खालच्या भांड्यात जमत. या पाण्याचं नाव 'टार्टरचं तेल'. तेलाचा टिपूस नसताना तेल! पण त्या काळी जे जे दाट ते ते तेल, गंधकाच्या आम्लालाही ते तेलच म्हणत. माझ्या बोटाचीही तशीच फसगत झाली होती, त्यामुळे त्यांना हसायचा हक्क मला नाही.

या तेलाचा एक खेळ मला फार आवडतो. एका उभट कुपीत तळाशी जड काळी पूड, वर टार्टरचं तेल, त्यावर निळसर रंगवलेला मद्यार्क आणि सगळ्यात वर टर्पेंटाइन. हलवली की सगळा गढूळ काला. टेबलावर ठेवली की थोड्या वेळात पृथ्वी, पाणी, हवा आणि अग्नी आपापल्या मजल्यावर परत. गंमत मधल्या जोडीत आहे. मद्यार्क एरवी पाण्यात हा हा म्हणता मिसळतो, पण इथलं पाणी क्षाराने असं घट्ट धरून ठेवलेलं असतं की मद्यार्काला आत शिरकावच नाही. मद्यार्कातला पाण्याचा अंश काढायलाही हाच क्षार वापरत.

रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइलने 1664 साली रंगांवरच्या पुस्तकात लिहिलं, की व्हायोलेटच्या फुलांचं निळं सरबत आम्लाने लाल होतं आणि असल्या क्षाराने हिरवं. व्हायोलेट आणायची कुठून? दारात जास्वंद होती. पाकळी गरम पाण्यात चुरगाळून दोन वाट्या केल्या. एकीत लिंबू पिळलं, पाणी लालभडक झालं. दुसरीत बशीतले चार थेंब टाकले. जांभळट पाणी क्षणभर विचारात पडल्यासारखं झालं आणि मग शेवाळी हिरवं. उरलेलं लिंबूही त्यात पिळलं. फसफस झाली आणि हिरवा रंग मागे फिरला. क्षारावर आंबट हा उतारा आपल्याकडेही जुनाच. सुश्रुतसंहितेत क्षार काढायला राख पाण्यात कालवून 21 वेळा गाळायला सांगितलंय, आणि क्षाराने भाजलेल्या जागेवर आंबट द्रव्यं लावायलाही.

आणि डेव्ही! 1807च्या ऑक्टोबरात लंडनमध्ये रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्ही पोटॅशचे घटक सुटे करायला त्यातून वीज सोडायच्या खटपटीत होता. त्याचं पोटॅश याहून जहाल, कार्बोनेट नव्हे तर पोटॅशियम हायड्रॉक्साइड, पण पाणी ओढायची खोड तीच. पाण्यात विरघळवलं की विजेने नुसतं पाणीच फुटून त्याचे वायू व्हायचे, अगदी कोरडं ठेवलं की वीज जायची नाही. शेवटी त्याने खडा काही क्षण हवेत उघडा ठेवला. वरून जरासा ओलावा धरला, तेवढा पुरला. पाऱ्यासारखे चकचकीत गोळे दिसू लागले, काही तर भडका उडून पेटले. पोटॅशियम पहिल्यांदा माणसाच्या डोळ्यांसमोर आलं ते असं. डेव्ही खोलीभर नाचला म्हणतात.

हे सगळं आईला सांगत होतो, तेवढ्यात तिने बशी उचलून नळाखाली धरली. कडेला फोडणीच्या तेलाचा चिकट डाग होता, कित्येक महिन्यांचा. बोट फिरवताच निघाला.

"पुडी केवढ्याची होती रे?" तिने विचारलं. "कढईला पण हवंय."