बाबल्यासाठी एक सही

गेम तयार करायला मला चार महिने लागले. एका सहीसाठी पाच महिने गेले, आणि ती सही लागतच नव्हती. हे आधीच सांगतो, म्हणजे जुन्या चित्रपट्टीवरून गेम करायला निघालेल्या कोणाच्या तरी एसटीच्या फेऱ्या वाचतील.

बाबल्या हे माझ्या मामांचं पात्र. १९८८ पासून तेरा वर्षं तो जिल्ह्यातल्या एका साप्ताहिकात तीन चौकटींत यायचा. अर्धी चड्डी, डाव्या खांद्यावर पाग, म्हणजे फेकायचं जाळं, आणि दर आठवड्याला त्या पागात मासे सोडून भलतंच काहीतरी अडकलेलं. आम्ही मालवणातली मुलं अंक आला की आधी शेवटचं पान उघडायचो. उड्या मारत पुढे जायच्या प्लॅटफॉर्म गेमला आमच्याकडे जागाही आयती आहे: पायऱ्यापायऱ्यांनी कापलेली चिरेखाण, व्हाळावरचा (ओढ्यावरचा) साकव, म्हणजे छोटा पूल, खारफुटीची मुळं. गोडो हे गेम बनवायचं मोफत इंजिन मी आधीच शिकलो होतो. कोडिंगचं काही अडलं नाही.

अडलं ते कचेरीत. साप्ताहिक बंद पडलंय, पण छापखाना चालू आहे आणि मालकांचा मुलगा तिथे बसतो. रीत म्हणून परवानगीचं पत्र घ्यावं, एवढ्याच विचाराने मी गेलो. ते म्हणाले, "आमच्या अंकात छापलं म्हणजे पात्र आमचं. अर्ज द्या, बघू." अर्ज दिला. दुसऱ्या फेरीला अर्ज सापडेना, म्हणून तिथेच बसून पुन्हा लिहिला. तिसऱ्या फेरीला मामांशी झालेला मूळ करार मागितला. करार कुठून आणू? मामा चित्रं पाकिटात घालून एसटीच्या कंडक्टरकडे द्यायचे आणि महिन्याने मनीऑर्डर यायची, एवढाच व्यवहार. चौथ्या फेरीला साहेब मुंबईला, पाचव्या फेरीला गणपती. सहाव्या फेरीला पत्राचा मसुदा तयार होता, पण त्यात अट होती: बाबल्याचे सगळे हक्क साप्ताहिकाचे आहेत हे मामांनी आधी लिहून द्यावं. मी तो कागद घडी करून खिशात घातला आणि मालवणची गाडी पकडली. मामा पडवीत बसलेले असायचे. प्रत्येक वेळी एकच प्रश्न, "गावली काय सही?" शहात्तराव्या वर्षी माणूस असं विचारतो तेव्हा नाही म्हणायला जीभ उचलत नाही. त्या दिवशी मी पहिल्यांदा खोटं बोललो. म्हटलं, पुढच्या आठवड्यात मिळेल.

एका मित्राने सुचवलं, नाव बदल, पाग काढ, दुसरं पात्र कर. दाखला बिनतोड होता. निन्टेन्डो या जपानी गेम कंपनीला १९८१ साली पॉपाय या कार्टूनमधल्या खलाशावर गेम करायचा होता. हक्क मिळाले नाहीत, म्हणून त्यांच्या शिगेरू मियामोतोंनी पॉपायचा वैरी ब्लूटो याच्या जागी माकड आणि पॉपायच्या जागी उड्या मारणारा सुतार घातला. तो डाँकी काँग. सुताराचा पुढे मारिओ झाला. पुढच्याच वर्षी हक्क मिळाले आणि त्यांनी पॉपायचाही गेम काढला. पण मला गेम हवा होता तो बाबल्यासाठीच.

शेवटी कुडाळला एका वकीलबाईंकडे गेलो. तिथे आधीच जायला हवं होतं. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या: मामा साप्ताहिकात पगारावर होते का? पात्र काढायला त्यांना कोणी सांगितलं होतं का? दोन्हींचं उत्तर नाही. बाबल्या मामांनी स्वतः काढून, स्वतः नेऊन दाखवला होता. मग त्यांनी १९५७ चा कॉपीराइट कायदा उघडून दाखवला. अशा चित्राचा पहिला मालक चित्रकारच. नोकरीत असता तरी वृत्तपत्राचा हक्क वृत्तपत्र-नियतकालिकात छापण्यापुरताच असता, बाकीचा चित्रकाराचा. वेगळा करार असेल तरच गोष्ट वेगळी. आणि हक्क दुसऱ्याला द्यायचे तर सही केलेला लेखी कागद लागतो. कागदच नाही, तर दिलं काय? मी पाच महिने ज्यांच्या दारात उभा होतो, त्यांच्याकडे मला द्यायला काही नव्हतंच. मी रागाने थरथरत होतो. बाईंनी पाणी दिलं आणि खिशातला तो मसुदा मागून घेतला. म्हणाल्या, "यावर मामांची सही झाली असती, तर मात्र अवघड होतं."

तेव्हा कचेरीने पुढे केलेल्या कागदावर घरच्या म्हाताऱ्या माणसाची सही घेऊ नका.

परवाना मामांकडून घेतला, तोही लेखी. मामा-भाच्यात कागद कशाला, असं म्हणू नका. मुदत लिहिली नाही तर कायदा पाच वर्षंच धरतो, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. गेम जगात कुठूनही उतरवला जातो, म्हणून 'संपूर्ण जग' हे शब्द हवेतच. मामांनी दोनदा वाचून सही केली आणि सवयीने खाली छोटा मासा काढला. चित्रपट्टीच्या कोपऱ्यात काढायचे तोच.

चित्रांचं सांगायचं राहिलं. चित्रपट्टीत उडी दोन चौकटींच्या मधल्या कोऱ्या जागेत होते, ती कोणी काढलेली नसते. गेमला नेमकी तीच चित्रं लागतात: गुडघे वाकलेले, हवेत, टेकताना. डावीकडे चालवायला मी चित्र आरशासारखं उलटवलं, कोडमध्ये एका ओळीचं काम. मामांनी फोन डोळ्यांजवळ धरला. "ह्यो कोण? माझ्या बाबल्याचो पाग डाव्या खांद्यार असता." मग डावीकडची सगळी चित्रं त्यांनी नव्याने काढली, मोतीबिंदूच्या डोळ्यांनी, रोज दोन.

जुने अंक कचेरीत मागत बसू नका. गावच्या ग्रंथालयात बांधीव फायली असतात. मला तिथेच मिळाल्या. पावसाळ्याआधी जा, ओल धरलेली पानं उलटताना फाटतात.

गेमच्या शेवटच्या पडद्यावर मामांचं नाव सगळ्यांत मोठं आहे. त्याखाली साप्ताहिकाचं नाव, 'प्रथम प्रसिद्धी' म्हणून, कारण ते खरं आहे. 'परवानगीने' हा शब्द मी घातला नाही.